घरी काडतुसे भरण्याआधी छर्रे ओळखा: मुंबईतील नव्या नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ पाहून या खेळाकडे वळणाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न बहुधा रायफलीचा नसतो, तो घरी काडतुसे भरण्याचा, म्हणजे रिकाम्या पुंगळीत दारू आणि गोळी बसवण्याचा असतो. टेबलावर मांडलेले यंत्र, तराजू आणि पितळी पुंगळ्यांच्या ओळी पाहून हा खेळ घरच्या बारीक कारागिरीतून सुरू होतो असा समज होतो. त्या कारागिरीची ओढ अगदी योग्य आहे. आपल्याकडे तिला वाव मिळतो तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीत आणि तिच्या छर्ऱ्यांत. पुढील प्रश्न त्याच वाटेने नवख्याला पुढे नेण्यासाठी घेतले आहेत.

मुंबईत घरी काडतुसे भरता येतात का?

परवान्याशिवाय नाही, आणि हौस म्हणून हा विचार सोडून देणेच योग्य. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. याच अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे ‘मी फक्त यंत्र मागवले, काही भरले नाही’ हा बचाव समजून बसण्याइतका सोपा नाही. ज्यांच्याकडे बंदुकीचा परवाना आहे, त्यांनाही तो परवाना शस्त्र बाळगण्यासाठी आणि ठरावीक संख्येने काडतुसे विकत घेण्यासाठी मिळालेला असतो. बृहन्मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त असतात, तेव्हा अशी कोणतीही शंका त्यांच्याच कार्यालयात लेखी विचारावी. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. एकाच भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर असलेल्या आपल्या इमारतींमध्ये ज्वालाग्राही दारू आणि प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोप्या, साठवणे हा धोका एकट्या हौशी माणसाचा राहत नाही.

मग ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले आपले नेमबाज दारूगोळ्याची तयारी कशी करतात?

ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांत घरी काडतूस भरण्याचा प्रश्नच येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स, म्हणजे गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींतून नेम धरण्याच्या रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात पॉइंट टू टू बोअरची रिमफायर काडतुसे वापरतात. त्यांत पेट घेणारा थर पुंगळीच्या कडेच्या आत पसरलेला असतो आणि गोळी सुटताना तीच कड चेपली जाते. म्हणून ती पुंगळी पुन्हा भरण्यासाठी बनलेलीच नसते. मोठे नेमबाज कारखान्यातली तयार काडतुसेच वापरतात. फक्त आपल्या नळीला कोणती बॅच मानवते हे ते आधी तपासून घेतात आणि मग त्याच बॅचचा साठा करतात.

निवड आणि तपासणीची हीच पद्धत एअर रायफलच्या छर्ऱ्यांना जशीच्या तशी लागू पडते. तीही परवडणाऱ्या खर्चात आणि दारूचा कणही हाताळावा न लागता.

एअर रायफलला परवाना लागतो का?

नेमबाजीची स्पर्धात्मक एअर रायफल किंवा एअर पिस्तूल ४.५ मिमी व्यासाची असते. छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या या व्यासाच्या हवाई शस्त्रांना शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीत ही ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते, म्हणजे ती मर्यादेच्या बरीच खाली राहते. तरीही खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, ओळखपत्र द्यावे आणि पक्के बिल कायमचे जपून ठेवावे. परवाना लागत नाही म्हणून हे खेळणे ठरत नाही. जवळून लागलेला छर्रा डोळा निकामी करू शकतो.

मुंबईत सुरुवात कुठे करावी?

महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज हे या शहराचे जुने केंद्र आहे. अंजली भागवत यांची कारकीर्द मुंबईतच राष्ट्रीय छात्र सेनेतून आणि वरळीच्या रेंजवरून सुरू झाली. पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत त्या पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ साली अथेन्समध्ये अंतिम फेरी गाठली आणि नंतर पनवेल परिसरात प्रशिक्षणाचे मोठे काम उभे केले. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले. म्हणजे चर्चगेटपासून पनवेलपर्यंत कुठेही राहत असलात, तरी या खेळासाठी गाव सोडावे लागत नाही.

रेंज निवडताना भिंतीवरच्या पदकांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. प्रशिक्षक पहिल्या दिवशी सुरक्षेचे नियम शिकवतो का, नवशिक्याला रेंजची रायफल वापरायला मिळते का, आणि प्रशिक्षक लेनमागे, म्हणजे नेमबाजाच्या उभे राहण्याच्या जागेमागे, उभा राहून तुमच्याकडे पाहतो की सतत निशाण्याच्या पडद्याकडे. नवख्याच्या चुका त्याच्या पाया-खांद्यांत दिसतात. पडद्यावर दिसतो तो त्यांचा परिणाम.

रायफल घ्यावी की पिस्तूल?

दोन्ही हातात धरून पाहिल्याशिवाय ठरवू नये. रायफलीचे कमाल वजन ५.५ किलो असते आणि तिच्याबरोबर जाड जॅकेट, पँट, बूट असा पोशाख येतो. पिस्तूल १.५ किलोच्या आत असते, ते एका हाताने पेलावे लागते आणि त्याच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम दाब लागतो. खर्च पिस्तुलाचा कमी असतो, पण मनगट आणि खांद्याची परीक्षा तिथेच जास्त होते. रायफलीत निशाण्याचा दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तर पिस्तुलात दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे. या आकड्यांवरून पिस्तूल सोपे वाटते. हात लांब करून एक मिनिट उभे राहिले की तो समज जातो.

स्वतःची रायफल पहिल्याच महिन्यात घ्यावी का?

घेऊ नये. आयात केलेल्या स्पर्धात्मक रायफलीची किंमत लाखांच्या घरात जाते. शिवाय दस्त्याची लांबी, गालाच्या टेकूची उंची, ट्रिगरची जागा हे सारे तुमची उभे राहण्याची पद्धत स्थिर झाल्यावरच ठरवता येते. तोवर रेंजची रायफल पुरते. पालकांनी मुलाच्या वाढदिवसाला घाईने महागडी रायफल आणू नये, ही कळकळीची विनंती. मूल सहा महिन्यांत चार बोटे वाढते आणि आवड टिकेल की नाही हेही तोवरच कळते. पहिला खर्च करायचाच असेल, तर सपाट तळाच्या बुटांवर आणि चांगल्या छर्ऱ्यांवर करावा.

स्पर्धेच्या छर्ऱ्यात वेगळे काय असते?

छर्रा शिशाचा असतो आणि त्याची कंबर बारीक असते. पुढचे डोके सपाट असते, त्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. मागचा भाग घागऱ्यासारखा पातळ आणि पोकळ असतो. हवेचा दाब आला की तो किंचित फुलून नळीच्या आतल्या खाचांना घट्ट बसतो. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिमी. रायफलीसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा वापरतात, पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ग्रॅमचा हलका छर्राही चालतो. आरडब्ल्यूएसचा आर १० किंवा एच अँड एनचा फिनाले मॅच ही नावे रेंजवर रोज कानावर येतील. एका डब्यात सहसा ५०० छर्रे असतात.

सरावाला याहून स्वस्त छर्रे चालतात. पण टोकदार डोक्याचे, बाजारात सर्रास मिळणारे छर्रे रेंजच्या रायफलीत घालू नयेत.

छर्रे घरी वजन करून निवडावेत का?

घरी काडतुसे भरण्याची कारागिरी ज्यांना खुणावते, त्यांना हा प्रश्न सर्वांत प्रिय असतो. त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. छर्रा साधारण १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो, १० मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा जेमतेम सतरावा हिस्सा लागतो आणि तेवढ्या वेळात तो १६ ते १८ मिमी खाली येतो. आता दोन छर्ऱ्यांच्या वजनात ०.०१ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक आहे असे धरू. ऊर्जा तीच राहिली तर वेगात सुमारे एक टक्क्याचा फरक पडतो आणि उंचीत सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरचा. रायफलीच्या निशाण्यावर गुणाचा एक दशांश ०.२५ मिमीचा असतो. म्हणजे हा फरक १०.५ ला १०.४ किंवा फार तर १०.३ करील. चांगल्या स्पर्धात्मक डब्यातला फरक याहूनही कमी असतो, तेव्हा त्याचा परिणाम एका दशांशाच्या आतच राहतो.

नवख्याचा होल्ड, म्हणजे रोखून धरलेल्या रायफलीची स्थिरता, मात्र आठ-नऊच्या वर्तुळांत फिरत असतो, म्हणजे पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे. अशा वेळी रविवारची दुपार तराजूसमोर घालवून हाती काही लागत नाही. राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या जवळ पोहोचल्यावर ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू जरूर आणावा. तोवर डोळ्यांनी केलेली निवड जास्त उपयोगी पडते.

ती निवड अशी करावी. स्वच्छ पांढऱ्या कागदावर वीस-पंचवीस छर्रे हलक्या हाताने ओतावेत, डबा उपडा करून आपटू नये. टेबललॅम्प एका बाजूला ठेवून एकेक छर्रा चिमटीत धरून त्याची मागची कड दिव्याकडे करावी. कड पूर्ण गोल असेल तर उजेडाची रेघ सलग दिसते. कुठे चेपली असेल तर तिथे रेघ तुटते. चेपलेल्या कडेतून हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा नळीतून बाहेर पडतानाच तिरपा होतो. दुसरे म्हणजे, पोकळीच्या आत शिशाचा बारीक कीस अडकलेला आहे का ते पाहावे. असे छर्रे वेगळ्या डबीत टाकून ट्रिगरच्या सरावासाठी किंवा साइटर, म्हणजे गुण न धरले जाणारे चाचणीचे छर्रे, म्हणून वापरावेत. एका डब्याला अर्धा तास पुरतो आणि ज्यांना हातकाम आवडते, त्यांना या कामात खरेच समाधान मिळते.

बॅच टेस्ट म्हणजे काय आणि ती कधी करावी?

प्रत्येक नळीची घडण किंचित वेगळी असते, म्हणून शेजारच्या लेनवरच्या नेमबाजाला मानवलेला छर्रा तुम्हाला मानवेलच असे नाही. रायफल शिकंज्यात पक्की बसवून १० मीटरवर एकाच बॅचचे दहा छर्रे मारतात आणि सर्व भोकांच्या बाहेरच्या कडांमधले सर्वांत मोठे अंतर मोजतात. एका छर्ऱ्याचे भोकच साडेचार मिलिमीटरचे असते, तेव्हा दहांचा मिळून ग्रुप साडेपाच-सहा मिलिमीटरमध्ये बसला तर ती बॅच उत्तम समजावी. वेगवेगळ्या व्यासांचे आणि बॅचचे नमुने असे तपासून, जमली ती बॅच डब्यावरच्या क्रमांकासह वहीत लिहून ठेवावी आणि हंगामभर पुरतील एवढे डबे एकदम घ्यावेत. ही चाचणी स्वतःच्या रायफलीवरच अर्थपूर्ण ठरते. रेंजची रायफल वापरणाऱ्याने प्रशिक्षक देतील तो छर्रा घ्यावा आणि सरावाला लागावे.

घरात दहा मीटर जागा नाही. सराव कसा करावा?

मुंबईतल्या फारच थोड्या घरांत दहा मीटरची सरळ रेषा सापडते, आणि सापडली तरी घरात छर्रा मारण्याची गरज नाही. नेमबाजीचा मोठा हिस्सा छर्ऱ्याविना, म्हणजे ड्राय फायरिंगने शिकला जातो. त्यासाठी तीन मीटरचा पॅसेजही पुरतो.

अंतर कमी केले की निशाणाही त्याच प्रमाणात लहान करायचा. रायफलीच्या निशाण्याचा काळा गोल १० मीटरवर ३०.५ मिमीचा असतो. म्हणून पाच मीटरवर साधारण १५ मिमीचा आणि तीन मीटरवर साधारण ९ मिमीचा काळा गोल भिंतीवर चिकटवावा. उंचीचा हिशोबही चुकवू नये. रेंजवर निशाण्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. तुमचा डोळा रायफल धरलेल्या स्थितीत १.६० मीटरवर असेल, तर पाच मीटरवरच्या भिंतीवर गोल १.५० मीटरवर यायला हवा. तो सरळ १.४० वर लावला, तर रायफल रोज गरजेपेक्षा खाली झुकवण्याची सवय लागते आणि रेंजवर गेल्यावर सगळी घडी विस्कटते.

मग रायफल खांद्याला लावून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. रायफल गोलाच्या उजवीकडे गेलेली दिसली, तर हाताने ओढून डावीकडे आणू नये. मागचे पाऊल किंचित सरकवावे आणि पुन्हा डोळे मिटून पाहावे. शरीर जोर न लावता आपोआप जिथे रोखले जाते तिथेच निशाणा आला पाहिजे, नाही तर साठ छर्ऱ्यांच्या मालिकेत विसाव्या छर्ऱ्यापासून खांदा भरून येतो आणि छर्रे एका बाजूला सरकू लागतात. रोज वीस मिनिटे हे केले, तर आठवड्यातून दोनदाच रेंजवर जाणारा नेमबाजही पुढे जातो.

सुरक्षेचा नियम घरीही तोच. छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत असावा, नळी रिकामी आहे हे दोनदा पाहावे, भिंतीपलीकडे दार किंवा खिडकी नसावी आणि घरातल्या माणसाकडे रायफल गमतीनेही रोखू नये. स्प्रिंगवर चालणारी साधी एअरगन मात्र रिकामी चालवू नये, तिचा पिस्टन खराब होतो. ड्राय फायरिंगची सोय स्पर्धेच्या रायफलींमध्ये असते.

गच्चीवर किंवा बाल्कनीत छर्रे मारले तर?

मुळीच मारू नयेत. चुकलेला किंवा उसळलेला छर्रा कुठे जाईल याची हमी गजबजलेल्या वस्तीत कोणी देऊ शकत नाही. पक्ष्यांवर नेम धरणे तर क्रूर आहेच आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकते. नेमबाजाला रेंजवर ठेवून घ्यायचे की नाही, हे अशा एका वागण्यावरून ठरते.

हवेचे सिलिंडर भरताना काय सांभाळावे?

रायफलीच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा भरतात, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पट दाब. त्यात फक्त कोरडी, गाळलेली हवा भरावी. ऑक्सिजन कधीही भरू नये, तेलाच्या कणाशी त्याचा संयोग झाला तर स्फोट होतो. भरताना झडप हळू उघडावी, घाई केली की सिलिंडर तापतो आणि नंतर थंड झाल्यावर दाब उतरतो. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचावी. बहुतेक नामांकित कंपन्यांच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल, तर आधी ही तारीख विचारावी.

शिशामुळे आरोग्याला त्रास होतो का?

काळजी घेतली तर भीतीचे कारण नाही, पण काळजी रोज घ्यावी लागते. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, लेनवर वडापाव आणि चहा आणू नये आणि छर्रा ओठांत धरण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. छर्रे निवडण्याचे काम जेवणाच्या टेबलावर करू नये. कागद घडी करून टाकून द्यावा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे, कारण कोरड्या झाडूने शिशाची धूळ हवेत उडते. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात ठेवावा.

पावसाळ्यात साहित्य कसे जपावे?

जून ते सप्टेंबर हा मुंबईच्या नेमबाजाच्या साहित्याचा कसोटीचा काळ असतो. दमट हवेत छर्ऱ्यांवर पांढरट भुकटी जमते. तशी दिसली तर ते छर्रे पुसून वापरू नयेत, त्यांचा व्यास बदललेला असतो आणि ती भुकटी शरीरात जाणे अपायकारक आहे. डबा घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रायफल रेंजवरून आणल्यावर फोमच्या पेटीत तशीच बंद करू नये. फोम ओल धरून ठेवतो आणि आठवड्याभरात धातूवर गंजाचे ठिपके दिसू लागतात. ती रात्रभर बाहेर कोरडी होऊ द्यावी. घामाने भिजलेले जॅकेट पंख्याखाली रुंद हँगरवर टांगावे, घडी घालू नये, नाही तर चामड्यावर बुरशी येते आणि कॅनव्हासची ताठरता बदलते. ताठरता तर स्पर्धेआधी यंत्रावर मोजली जाते.

लोकलमधून रायफल नेता येते का?

अनेक मुलेमुली नेतात. रायफल कुलूपबंद कडक पेटीत, रिकामी आणि सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण दाखवणारी दोरी, लावलेली असावी. बिलाची प्रत, ओळखपत्र आणि रेंजचे सदस्यत्वपत्र पेटीवरच्या कप्प्यात हाताशी ठेवावे. सुरक्षारक्षकाने विचारले तर शांतपणे कागद दाखवावेत आणि फलाटावर स्वतःहून पेटी उघडू नये, उघडायची असेल तर त्यांच्या चौकीत जाऊन उघडावी. शक्य असेल तर गर्दीची वेळ टाळावी.

मुलाला कोणत्या वयात पाठवावे?

बाराच्या आसपास. त्याआधी रायफलीचे वजन कोवळ्या पाठीला झेपत नाही. टेकूवर रायफल ठेवून ट्रिगर शिकवणारे प्रशिक्षक मिळाले, तर थोडे लवकरही चालेल.

पहिली स्पर्धा कशी असते?

महाराष्ट्रात कॅप्टन एस. जे. इझिकेल यांच्या स्मरणार्थ भरणारी राज्य स्पर्धा ही बहुतेकांची पहिली मोठी पायरी असते. तिथून पात्रता गुण मिळवत राष्ट्रीय स्पर्धांकडे जाता येते. त्या वाटेवरच्या एका अखिल भारतीय स्पर्धेला लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांचे नाव आहे. त्यांच्याच पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली होती.

१० मीटर प्रकारात साठ छर्रे मारायचे असतात. आधी पंधरा मिनिटे तयारी आणि साइटर, मग इलेक्ट्रॉनिक निशाण्यावर एक तास पंधरा मिनिटे. रायफलीत गुण दशांशात मोजतात आणि कमाल ६५४.० होतात, पिस्तुलात पूर्णांकात आणि कमाल ६००. साहित्य तपासणीला वेळ लागतो म्हणून दीड तास आधी पोहोचावे. सरावातल्याच बॅचचे दोन डबे न्यावेत, सिलिंडर आदल्या दिवशी भरून ठेवावा आणि साठ छर्रे आदल्या रात्रीच दिव्याखाली निवडून वेगळ्या डबीत मोजून ठेवावेत, वर दहा-पंधरा जादा. पहिल्या स्पर्धेत सारा वेळ संपवण्याची गरज नसते, पण पहिली तीस मिनिटे घाईत उडवून उरलेला वेळ नुसते उभे राहणारेच जास्त दिसतात. एका छर्ऱ्याला साधारण सव्वा मिनिट मिळते. होल्ड स्थिर होत नसेल, तर रायफल खाली घेऊन पुन्हा उचलायला तेवढा वेळ पुरेसा असतो.